सात जास्त

पाठवले एक लाख.
आले एक लाख सात.

कमी आले असते तर कुणी मान वर केली नसती.
कनेक्टर ढिला, केबल उंदरानं कुरतडलेली, अंबडची लाइट,
हरवण्याला आमच्याकडे कारणांचा तोटा नाही.
पण जास्त?
न टाकलेलं पत्र कुणाच्या दारात पडतं?

गायधनी सर म्हणाले, शंभर टक्क्यांच्या वर जातंय ना,
मग शंभरावर कापून टाक. एक ओळ लागेल.
खरंच एकच ओळ लागली.
मी ती लिहिली, पुसली,
आणि गार झालेली मेथीची भाजी तशीच खाल्ली.

तीन तास लॉग वाचल्यावर मावशी आठवली.
आधी आठवली म्हटलं तर गोष्ट बरी दिसेल, पण तसं झालं नाही.
मावशी नाशिकरोडला प्रेसमध्ये होती, मोजणीत.
तिच्या बोलण्यात नोटा कधी नसायच्या, फक्त शीट.
फाटलेली शीट, शाई पसरलेली शीट, चांगली शीट.
एकदा एक कमी भरली, तर अख्खी पाळी आत.
जेल रोडची शेवटची बस रिकामी गेली.
शीट सापडली पुढच्या गठ्ठ्यात,
दुसरीच्या पाठीला चिकटलेली.
"बेरीज बरोबरच होती गं," ती म्हणायची,
"मोजणी चूक होती."
एवढं सांगून ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

मी आधीचा रिपोर्ट उघडला.
तेच टेबल, शेजारचा पोर्ट, आहेरांचा स्विच.
हरवले : सात.
शेरा : नापास.
खाली माझी सही.

ते हरवले नव्हते. येत होते.
आमचा प्रोग्रॅम घंटा होताच पाटी पुसायचा,
शून्य लिहायचा,
आणि मागून धापा टाकत आलेल्यांना
दुसऱ्याच वर्गाच्या हजेरीत बसवायचा.
एकाच्या खात्यातून गेले, दुसऱ्याच्या खात्यात पडले,
आणि वर्षभर आम्ही त्याला अचूकता म्हणत आलो.

दुरुस्ती लहान आहे.
प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर चाचणीचा नंबर.
आणि शून्य करण्याआधी
दोन सेकंद थांबायचं.
दोन सेकंद! कैवल्य हसला,
दिवसाला चारशे चाचण्या, हिशेब कर.
केला. तेरा मिनिटं आणि वीस सेकंद.
आपला चहा याहून लांब असतो.

रात्री चाळीस वेळा चालवलं.
एक लाख, एक लाख.
एक लाख, एक लाख.
वॉचमन दोनदा दिवे विझवायला येऊन गेला.

शनिवारी नवा रिपोर्ट घेऊन निघाले.
एक्स्लो पॉइंटवरून सातपूर, पपया नर्सरीच्या अलीकडे शेड.
गाडीवर वाक्य जुळवत होते. आमच्याकडून, तांत्रिक, थोडी.
आहेरांनी दार उघडलं, हातात पक्कड.
आत सतरंजीवर बारा स्विच,
सगळे खोललेले,
चिप एकीकडे, पत्रे एकीकडे, वायरी रबरबँडात.
"सात कुठे गळतात ते बघत होतो, मॅडम.
तीन आठवडे झाले. सापडत नाहीत."

जुळवलेलं वाक्य मी विसरले.
म्हटलं, गळत नव्हते. उशिरा येत होते. आम्ही थांबलो नाही.
त्यांनी रिपोर्ट वाचला, उलटा करून मागचं कोरं पानही पाहिलं.
"म्हणजे माल चांगला होता."
होता.
"होता," ते म्हणाले, आणि पक्कड खाली ठेवली.

त्यांची बायको ताटलीत स्क्रू मोजत होती.
डब्याला चार, बारा डबे, अठ्ठेचाळीस.
तिचे सत्तेचाळीस भरले.
तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.
मी किल्ली खिशात टाकली
आणि सतरंजीची कड उचलून पाहिली.