सहा प्रती

मडगावला कलेक्टर कचेरीच्या जिन्याखाली
माझं टेबल, प्रिंटर,
आणि दुपारी दमणारा इन्व्हर्टर.
भाडेकरार, रहिवासी दाखले, नावातल्या चुकांची प्रतिज्ञापत्रं,
कधीकधी हे.

बाळ्ळीहून आली होती. दर्शनी वेळीप.
वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, पॅकिंग, लाइन चार,
कंत्राटावर.
म्हणाली, तक्रार लिहायची आहे.
मी विचारलं, तारीख?

सांजांवच्या आदल्या दिवशी.
रात्रपाळी होती. गावात विहिरी काठोकाठ.

मी कॅलेंडरची पानं उलटी चाळली.
तेवीस जून. आज सहा ऑक्टोबर.
तीन महिन्यांची मुदत, म्हटलं,
तेरा दिवस वर गेलेत.
आणखी तीन महिने मिळू शकतात,
पण उशीर का झाला ते लिहावं लागतं,
आणि समितीला ते पटावं लागतं.

ती प्रिंटरकडे बघत राहिली.
सप्टेंबरात कंत्राट नवं व्हायचं होतं.
त्यावर शेरा त्याचाच लागतो.
मग थोड्या वेळाने:
आणि वाटलं, विसरेन.

तीस वर्षांत असलं कारण
कुठल्या अर्जात टाइप केलं नव्हतं.
केलं.

आता नेमकं सांग.
वाईट वागला, एवढ्याने भागत नाही.
कुठला हात, कुठे, मशीन चालू होतं की बंद,
कोण उभं होतं, काय बोलला,
त्याच्याच शब्दांत.

शब्द तिने तोंडातून काढले नाहीत.
कदंबाच्या तिकिटामागे लिहिले, मुंगीएवढे,
आणि तिकीट पालथं सरकवलं.
मी टाइप केले.
त्याचं वाक्य आणि तिचा पिनकोड
एकाच मापाच्या अक्षरांत उठले.

साक्षीदार?
आयरीन बार्रेटोने पाहिलं होतं.
पण ती म्हणते, म्हजें नांव घालूं नाका,
तिचा घोव त्याच कंपनीच्या गेटवर असतो.
रकाना मी मोकळा सोडला,
नंतर भरता येईल एवढा.

त्यानंतर काही?
नाही.
म्हणजे, चवथीची रजा संपवून गेले त्या दिवशी
माझं ओळखपत्र हातात धरून त्याने नाव वाचलं.
मोठ्याने.
चार वर्षं ओळखतो मला.
ते पण धरतात?

कार्ड कुठे असतं?
तिचा हात छातीशी गेला
आणि तिथेच राहिला.

एक सप्टेंबर. हजेरीच्या मशीनवर सापडेल.
एकामागून एक घडलेलं असलं
की शेवटच्यापासून मोजतात, मी म्हटलं,
मुदतीत बसतंय, बरं झालं.
आणि जीभ चावली.

बरं झालं, त्याने परत केलं ते.
असा हिशेब माझ्या तोंडून निघाला,
पंख्याखाली, भर दुपारी,
आणि तिने तो नीट ऐकला.
बरं झालं, तीही म्हणाली.
हसली नाही.
(उशिराचं कारण तरी राहू दे, म्हणाली. खोडू नका.)

माझ्या वेळी रकानाच नव्हता.
पणजी, वकिलाचं ऑफिस, जड कळांचा टाइपरायटर,
तो पाठीमागे उभा राहून मजकूर सांगायचा.
तारीख मला अजून येते.
कुणी विचारली नाही, म्हणून सांगितलेली नाही.
इथेही सांगत नाही.

पाचव्या प्रतीला कागद अडकला.
ओढून काढला, पुन्हा घातला.
तिने सहा वेळा सही केली,
पहिली अर्ध्या ओळीत मावली,
सहावी रेघ ओलांडून खाली उतरली.

तिकीट फाडू नको, म्हटलं. डब्यात ठेव.
आणि हे बघ, सहाही समितीला जातात.
ही सातवी तुझी, हिचे पैसे नकोत.
आवक शिक्का हिच्यावर घ्यायचा, तारखेसकट.
पुसट उठला
तर परत मारायला सांग.