नाल्यातलं सलून, अंतोफागास्ता

अकरा वर्षं इथून थेंबही वाहिला नाही,
म्हणून नाल्यात आता सिप्रियानोचं सलून:
एक खुर्ची, एक आरसा, वर ताडपत्री.

यास्ना पालिकेचा नकाशा उलगडते.
निळ्या रेघेच्या बरोब्बर मधोमध त्याची खुर्ची.
"शंभर वर्षांतून एकदा येतो असा पूर."
"म्हणजे अजून एकोणनव्वद आहेत की!"
कात्री थांबत नाही.

हिशोब तसा नसतो. कसा असतो,
हे तिलाही धड सांगता येत नाही.
ती खुर्चीत बसते.

आरशात मागचा डोंगर, उघडा, तासलेला,
आणि त्यावरून थेट
तिच्या मानेपर्यंत उतरलेली एक घळ.
सिप्रियानोही वस्तरा धरून तिकडेच बघत राहतो.

मग मानेवरचे केस झटकत म्हणतो,
"खुर्चीला चाकं लावता येतील."

यास्ना वहीत लिहिते: चाकं.