शून्याचे अनेकवचन

महाप्याला तिसऱ्या मजल्यावर
मी वाक्ये भरते.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामे अवतरण.
कोण कुणाशी बोलतेय, ते कुठेच नाही.

परवा 'ओपन' आला, एकटाच.
उघड? उघडा? उघडे?
दाराला म्हणू की माणसाला?
'उघडा' लिहिले,
कुडकुडत असेल बिचारा, म्हणून पुढे सरकले.

संख्येसाठी मराठीला दोनच खण:
एक, आणि एक सोडून सगळे.
'एक नोंद सापडली.'
'इतक्या नोंदी सापडल्या.'
इतक्याच्या जागी टक्का आणि डी,
आकड्यासाठी राखलेली खुर्ची.
शून्य कुठे बसते, मी विचारले नाही.

मग कोपरखैरण्याच्या दवाखान्यात
लशीच्या रांगेत माझ्यापुढे बारकूबाई मढवी.
घणसोली गावठाणातून चालत आलेल्या,
यंत्रावर नंबर दोनदा दाबलेला.
पडद्यावर माझे वाक्य:
'० नोंदी सापडल्या.'

"गावल्या ना," त्या म्हणाल्या
आणि बाकावर जाऊन बसल्या,
पिशवी मांडीवर, नाव पुकारायची वाट बघत.

त्यांना सांगून, खिडकीशी नेऊन
ऑफिसात आले.
दर्शन केणी म्हणाला, तिसरा खण
पुढच्या आवृत्तीत बघू.

तोवर ती ओळ मी 'संदिग्ध' ठरवली.
संदिग्ध ओळ यंत्र घेत नाही,
तिथे मूळ इंग्रजी उमटते.

उमटू दे.
कळले नाही तर निदान
कुणाला तरी विचारतील.