शंभर फील्ड

गोणबरे नावाची नवी मुलगी आलीय लॅबला.
म्हणते, मॅडम, एकदा तरी दाखवा,
पुस्तकात पाहिलाय नुसता.

दाखवू कुठून?
सकाळपासून एकवीस काचा झाल्या,
प्रत्येकीचे शंभर फील्ड मोजून
शेवटी तेच, निगेटिव्ह.
हा शब्द हात आता न बघता लिहितो.

एके काळी जुलैत जेवायला उठता यायचं नाही.
बोटं निळी राहायची
भाकरी थापतानाही.

शेवटी कपाटातली जुनी पेटी काढली.
काचेवर पेन्सिलीने : मफिजुल, वय १९,
लोअर परळ, बांधकाम, सोळावा मजला.
तेलाचा थेंब टाकला, फोकस फिरवला.
रंग उडालाय. पण आहे,
तांबड्या पेशीत ती अंगठी,
इवलासा खडा बसवलेली.

“किती छान दिसतो!”
म्हणाली, आणि जीभ चावली.

त्या सोळाव्या मजल्यावर आता दिवे लागतात,
गच्चीतल्या टाक्यांना घट्ट झाकणं आहेत.
मफिजुल रिपोर्ट न्यायला आला होता का,
चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या केल्या का,
माझ्या रजिस्टरला तो रकानाच नाही.

तेल टिपलं. काच पेटीत परत.
बाविसावी तिच्यापुढे सरकवली.
मोज, म्हटलं.
नव्वदला थांबायचं नाही.