गेंडोबा गेला द्राक्षांच्या पेटीत

आमचा गेंडा कांबळ्याचा,
पोटात कापूस, थोडा भुसा,
एक डोळा शर्टाचं बटण,
दुसरा? तो मांजरीला पुसा!
शिंगाच्या जागी मोज्याचं टोक,
लालभडक अन् जरासं वाकडं.
नाव गेंडोबा. तोंड मात्र
कायम खिडकीतून रस्त्याकडं.

(आमची खिडकी आडगाव नाक्यावर.
ट्रक मोजायचे तर तिथंच बसावं.)

पिंपळगावला, शेडमध्ये
आई भरते द्राक्षांच्या पेट्या.
सुट्टीत मीही जाते तिथे,
पुसते घड अन् लावते चिठ्ठ्या.
त्या दिवशी मला डुलकी लागली,
हातून गेंडोबा घसरला,
हिरव्या घडांवर पालथा पडला,
वरून कागद कुणी पसरला.
झाकण. पट्टी. ठक् ठक् ठक्.
आणि निघाला त्याचा ट्रक!

मी किती रडले? सांगते ऐका,
दुतोंड्या मारुती बुडाला असता!
बाबा म्हणाले, "कमरेपर्यंतच."
(बाबांना सगळं मोजायचं असतं.)

ट्रक होता इस्माईलचाचांचा.
फोन केला. ते होते धुळ्यात.
"नऊशे पेट्या आहेत, पोरी!
शोधू कुठं मी त्याला अंधारात?
गुवाहाटीला उतरेल माल,
तोवर समज गेंडा खुशाल."

मग मी नकाशा पसरला खाली,
बोटाचा ट्रक केला, निघाले.
पेटीत अंधार. पेटीला भोकं.
भोकातून त्याला काय दिसलं असेल?

नागपूरला संत्र्यांचा टेम्पो
शेजारी थांबला. वास आला.
द्राक्षं म्हणाली, "आंबट असतील!"
गेंडोबा गालात हसून घेता झाला.

महानदीचा पूल लांबच लांब,
खांब मोजता आकडे संपले,
कारण त्याला दहाच येतात.
(मीच शिकवलेत. अकरा राहिले.)

बंगालमध्ये टायर फुटलं.
बदलायला माणसं चार,
सल्ले द्यायला चाळीस,
आणि एक बकरी, जी भोकाला डोळा लावून
उगाच बघत बसली फार.

सिलीगुडीला थंडी इतकी
की शिंगसुद्धा कुडकुडलं.
तेव्हा द्राक्षांनी सरकून सरकून
त्याला मधोमध घेतलं.

अकराव्या दिवशी फोन वाजला.
गुवाहाटीच्या निरूमावशी,
फळांचं दुकान. हसू आवरेना.
"गेंड्यांच्या गावी गेंडा धाडता?
तोही द्राक्षं खाऊन उपाशी?"

खरंच की! मला माहीतच नव्हतं,
गेंडे तिकडेच राहतात खरे,
गवतात, नदीच्या काठाकाठानं,
ट्रकएवढे, धुरकट, भले!

निरूमावशीचा भाऊ बस चालवतो
काझीरंगाच्या रस्त्यावर रोज.
त्यानं गेंडोबा काचेशी बसवला.
बाबांच्या फोनवर फोटो आला.

फोटोत पुढे आमचा: लाल शिंग,
कांबळं उसवलेलं, एकच डोळा.
मागे, खूप मागे, गवताच्या वर
एक मोठी राखाडी पाठ.
तोंड पलीकडे. त्यानं पाहिलंच नाही.
पण आमच्यानं पाहिलं.
किती वेळ पाहिलं असेल?
फोटोत वेळ दिसत नाही.

परतीच्या ट्रकला चहाची खोकी.
इस्माईलचाचांनी पुढे, गणपतीशेजारी बसवला,
(गणपती क्लीनरचा, बरं का,
आणि दोघांची छान गट्टी जमली.)
वैशाखात एका सकाळी
नाक्यावर हॉर्न. तीनदा. मी पळाले.

अंगाला आता चहाचा वास.
उसवल्या कानाला नवं ठिगळ,
पांढरं, त्यावर लाल फुलं,
निरूमावशीच्या गमछाचं.
आणि मांजरीनं नेलेल्या जागी
नवा डोळा! हिरवा, काचेचा.

मी त्याला विचारलं, "काय म्हणाला मोठा गेंडा?"
गप्प. "नदी केवढी होती?"
गप्प. "मला विसरला होतास?"
तेव्हा मोजा जरासा हलला.
(वारा नव्हता. मी पाहिलं.)

रात्री झोपतो माझ्याच कुशीत,
पण डोळे आता दोन दिशांना:
काळा असतो माझ्यावर,
हिरवा बाहेर, रस्त्यावर.