खटका

हिलालच्या गाडीचं छप्पर कापून चार बोटं खाली आणलंय.
बत्तीस सालची फोर्ड, मडगार्ड काढलेली,
इंजिन उघडं, लुंगी गुडघ्यावर घेऊन
ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.
रंग मात्र असा लाल, की वादी कबीरच्या आमच्या गल्लीत
टायरवालेसुद्धा हात पुसून बघायला येतात.

आणि ही बया परवा रात्री
आमरातच्या घाटात आंधळी झाली.
उतार, वळण, मागे पाण्याचा टँकर.
काळोख. मग उजेड. मग परत काळोख.
"बरकार," तो म्हणाला,
परकारातला प त्याच्या तोंडात बसत नाही,
बावीस वर्षांत मीही त्याचा नाद सोडलाय,
"बरकार, गाडीत जिन शिरलाय."
जिन नाही बाबा, ब्रेकर.
तापला की तोडतो, निवला की जोडतो.
त्याचा जीव केवढा, आणि तू त्याच्यावर
साठ-साठ वॉटचे दोन हॅलोजन लादलेस.

जुना स्विच टेबलावर उघडला.
पितळेच्या पट्ट्या काळ्या,
बॅकेलाइट विडीच्या थोटकासारखं जळलेलं.
त्याला तरी काय बोलणार.
खारी हवा, जूनमधली दुपार.

हिलालने दोन नवे आणले.
एक क्रोमचा, डब्यात मखमल, मुठीवर कवटी.
ओढला तर लोण्यातून आल्यासारखा आला,
काही न बोलता.
मखमलीत परत निजवला.
दुसरा विमानातला म्हणे, लाल झाकणाचा. मजबूत.
पण बोटाला कळत नाही आपण कुठे आहोत,
पार्किंगवर की हेडलाइटवर.
रात्री बोटालाच कळायला हवं,
डोळे रस्त्याचे असतात.

तिसरा मबेल्याच्या भंगारात सापडला.
शेवरले पिकअपचा सांगाडा, सीटवर बकरीच्या लेंड्या,
डॅशमध्ये एवढीच एक गोष्ट जिवंत.
ओढला: खट्.
अजून ओढला: खट्.
मधलं अंतर झोपेतसुद्धा मोजता यावं असं.
भंगारवाल्याने दीड रियाल सांगितला,
मी घासाघीस केली नाही.
आयुष्यात दुसऱ्यांदा.

पण चांगला आहे म्हणून त्याला राबवून मारायचं नसतं.
बॅटरीजवळ दोन रिले बसवले, जाड तार,
डाव्याला एक फ्यूज, उजव्याला एक,
म्हणजे एक डोळा गेला तरी दुसरा रस्ता धरून राहील.
भार रिलेने उचलायचा,
स्विचने फक्त सांगायचं.
पोरं गाडीखाली शिरली.
मी स्टुलावरून सांगत होतो,
गुडघे आता वाकत नाहीत.

मग शंभर वेळा ओढला, शंभर वेळा दाबला.
त्र्याहत्तराव्याला काहीतरी खटकलं,
हाताला, कानाला नाही.
उघडला. वाळूचा एक कण.
पुसला, आणि पुन्हा एकपासून.

रात्री हिलाल म्हणाला, चल, घाटात बघू.
रात्री मला नीट दिसत नाही,
हे मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही.
माथ्यावर त्याने गाडी कडेला घेतली, दिवे बंद केले.
खाली आमरात पसरलेलं.
तो म्हणाला, काय सुंदर.
मला प्रत्येक दिवा
तव्यावर फुटलेल्या अंड्यासारखा दिसत होता.
मी म्हटलं, हो.

"ओढ," तो म्हणाला, "तुझा आहे."
काळोखात हात आपणहून गेला.
खट्.
थांबलो जरासा.
खट्.
रस्ता उठून उभा राहिला,
आणि पांढऱ्या पट्ट्यावर एक बकरी,
आमच्यावर भयंकर वैतागलेली.
ती एवढी स्वच्छ दिसली, की मी तिच्या कानातला
बिल्लासुद्धा वाचला असता,
हिलाल हसायचा थांबला असता तर.