सोडूक नाय

रास-अल-खैमाच्या अपील कोर्टात
एसी इतका गार, की जुलैतही मी शाल नेते.
बाहेर गाडीचं स्टिअरिंग हाताला धरवत नाही.
आत तीन न्यायाधीश, एक जाड फाईल,
आणि काचेपलीकडे लवू घाडी,
मुक्काम पोस्ट आचरे, वय एकतीस, वेल्डर.
खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा: मृत्यू.

मी विजयदुर्गची. इथे मला तर्जुमान म्हणतात.
तर्जुमा हा शब्द आजोबांच्या दस्तांतही होता.
वकील, हुकूम, कैद, माफी, कबूल,
हे सारे माझ्या तोंडून आपल्या माहेरी परत जातात,
कुणी ओळखपत्र विचारत नाही.
अडतं ते आमच्याच एका साध्या क्रियापदाशी.

पान बेचाळीस. कबुलीजबाब.
"मी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही."
त्या रात्री चौकीत जो दुभाषी होता
त्याला हिंदी येत होतं. तेवढ्यावर भागवलं.
हिंदीतून अरबीत जाताना
वाक्याच्या हातात सुरा आला.
मग उरलेला पुरावा
चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटावा तसा चिकटत गेला:
शर्टाच्या छातीवरचं रक्त,
तोफज्जलच्या मनगटावर बोटांचे वळ,
तीनशे दिरहमांची उधारी,
आणि कॅम्पातली ती किंकाळी,
जी खोली नंबर आठने ऐकली, दहाने ऐकली नाही.

आज मधले न्यायाधीश चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
पुन्हा विचारा. त्याच्या बोलीत विचारा.

मी विचारलं.
लवू नुसता बघत राहिला, जणू मी प्रश्न नाही,
पेजेचा वाडगा पुढे केला होता.
मग म्हणाला,
"मियां तेका सोडूक नाय, बाय.
लायट गेली तरी सोडूक नाय."

पाणी घालायचं नाही, मीठ घालायचं नाही,
अशी माझी शपथ.
पण सोडणं म्हणजे किती काय!
गुरं सोडतात, गाव सोडतात, रोजा सोडतात.
अम्मा दोन वर्षं अंथरुणावर होती, मी तिला सोडलं नाही.
धाकट्या दिराने जमिनीत फसवलं,
त्यालाही मी सोडलं नाही.
दोन्ही खरं. तोंड एकच.

दोन्ही अर्थ मी कोर्टासमोर ठेवले.
सरकारी वकील उठले: तर्जुमान मत देते आहे.
न्यायाधीश म्हणाले: ती भाषा देते आहे. बसा.

वळांचा अहवाल पुन्हा वाचला गेला.
बोटं पळणाऱ्याला धरतात तशी होती
की बुडणाऱ्याला धरतात तशी?
डॉक्टरांनी लांबी लिहिली होती, मिलिमीटरांत.
दिशा लिहिली नव्हती.

तोफज्जलचा भाऊ चट्टग्रामहून आलेला.
त्याच्या कानाशी त्याचा वेगळा दुभाषी.
माझं वाक्य त्याच्यापर्यंत तिसऱ्या हाताने पोचत होतं,
तरी तो बघत होता माझ्याच ओठांकडे.
माफीचं विचारलं तेव्हा म्हणाला,
आधी कळू दे,
माफ नेमकं काय करायचं.

मला तरी कुठे कळलं होतं?
मी लवूचे डोळे पाहिले. डोळ्यांचा तर्जुमा करायची
मला परवानगी नाही, आणि खरं सांगते,
जमलाही नसता.

डॉक्टरांना बोलवा. आठ आणि दहा, दोन्ही खोल्या बोलवा.
तोवर शिक्षेचा कागद मिटलेला राहील.
तारीख: एकोणतीस.

मागे एकदा, वकिलांनी सांगितलं म्हणून,
मी लवूच्या आईला फोन केला होता.
घाईत "फाशी" म्हणून गेले.
तेव्हापासून तिने विहिरीचा दोर माळ्यावर टाकलाय,
शेजारणीकडून पाणी आणते.
इथे दोर नसतो. बंदुका असतात.
ती चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही.

शिपाई त्याला उठवत होते.
काचेवर बोट टेकवून त्याने विचारलं,
"बाय, माका सोडतले काय?"

तेच क्रियापद. या वेळी अर्थ एकच.
कुणी तर्जुमा मागितला नाही.
नोंदीत ते वाक्य नाही.